यादी लावा, पण आधार नंबर झाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातल्या तुमच्या गावात घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. नाव, मोबाईल, बँक खातं आणि बारा आकडी आधार नंबर, सगळं उघडं. तुम्ही हरकत घेतलीत तेव्हा दोन उत्तरं मिळाली. एक जण म्हणाला, "एवढं काय त्यात, आधार तर सगळीकडेच दिलेलं असतं." दुसरा म्हणाला, "बरं, यादीच काढून टाकतो, आता परत टाकणारच नाही." तुमच्या वाचनालयातल्या पाच-सात जणांना या विषयावर काम उभं करायचंय. पाठीशी मुंबई-दिल्लीचे वकील नाहीत, संस्था नाही, तर तालुक्याच्या पातळीवर डिजिटल हक्कांसाठी खरंच काही होतं का, असं तुम्ही विचारलंय.

होतं. मी सांगलीत वीसेक वर्षं ग्राहक चळवळीचं आणि माहिती अधिकाराचं काम करते. अलीकडे माझा निम्मा वेळ याच प्रश्नात जातो. तुम्हाला मिळालेल्या दोन उत्तरांपैकी पहिलं अडाणीपणाचं आहे, ते समजावून सुटतं. दुसरं घातक आहे. "यादीच काढून टाकतो" हे ऐकून तुम्ही समाधानानं घरी गेलात, तर गावाचं नुकसान करून गेलात. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

2019 चा पूर आठवा. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फूट ओलांडले होते. पाणी ओसरल्यावर सानुग्रह अनुदानाच्या याद्या लागल्या. एका गावात आम्ही चावडीवरच्या यादीसमोर उभे होतो. एक आजी बोट ठेवून नातवाकडून नावं वाचून घेत होत्या. एका नावावर थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्याचं घर टेकावर हाय, तितं कुठनं पाणी आलं?" अशी तीन नावं त्या दिवशी निघाली. कुठल्याही तपासणीत निघाली नसती. यादी भिंतीवर होती म्हणून निघाली. त्याच यादीत शेवटच्या दोन रकान्यांत प्रत्येकाचा खाते क्रमांक आणि आधार होता, आणि रस्त्यानं जाणारा कुणीही मोबाईलवर फोटो काढत होता. आजींनी चोरी पकडली ती नाव आणि पत्ता वाचून. शेवटच्या दोन रकान्यांचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. उपयोग झाला असेल तर तो फसवणाऱ्यांना.

आपली मागणी म्हणून नेमकी हवी. नाव, गाव, योजना, मंजूर रक्कम उघडी राहिलीच पाहिजे. आधार, खातं आणि मोबाईल झाकला पाहिजे. कायदाही हेच सांगतो. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4(1)(ख) प्रमाणे अनुदानाच्या योजनांमधल्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचा असतो. आणि आधार कायद्याचं कलम 29(4) सांगतं की आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायचा नाही, लावायचा नाही, टाकायचा नाही. दोन्ही कायदे एकाच कागदावर पाळता येतात. एक्सेलमध्ये तीन रकाने काढून टाकायला अर्धं मिनिट लागतं.

हा मुद्दा मी ताणून धरते त्याला ताजं कारण आहे. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती याचिका 2012 मध्ये न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी आधारच्या विरोधात केली होती. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. आम्ही वाट बघत होतो तो कायदा हाच. पण त्याच्या कलम 44(3) नं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदलून टाकलं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला दाखवावं लागायचं की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खाजगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होते. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही तिथं लिहिलेलं होतं. आता कलमात उरलंय ते एवढंच, की माहिती वैयक्तिक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम आले आणि ही दुरुस्ती लागू झाली.

याचा गावातला अर्थ सांगते. तुम्ही रस्त्याच्या कामाचं हजेरीपत्रक मागाल, "मजुरांची नावं वैयक्तिक आहेत" म्हणून नकार येऊ शकतो. ठेकेदाराचं नाव विचाराल, तेही वैयक्तिक. खाजगीपणाचा हक्क आम्ही मागितला होता गरिबाच्या बाजूनं, आणि तो खुर्चीची ढाल होऊन परत आला. माहिती अधिकारवाले आणि डेटावाले एकमेकांकडे संशयानं बघायला लागतात ते इथंच. तसं होऊ देऊ नका. तुमच्या गटात दोन्हीकडची माणसं एकाच सतरंजीवर बसवा. अजून एक दार उघडं आहे: माहिती अधिकाराचंच कलम 8(2). माहिती देण्यातलं सार्वजनिक हित होणाऱ्या अपायापेक्षा मोठं असेल, तर सूट असलेली माहितीसुद्धा देता येते. ते कलम जसंच्या तसं आहे. नकार आला की अपिलात ते कलम नाव घेऊन लिहा, आणि सार्वजनिक हित कोणतं ते गावच्या उदाहरणानं दोन ओळींत सांगा.

आता प्रत्यक्ष काम. आमच्या कामाची सुरुवात भडंगाच्या पुडीनं झाली. एका संध्याकाळी एका गाड्यावरून मी भडंग घेतलं, खाऊन झालं, कागद उलगडला तर आतल्या बाजूला एका बाईचं आधार. फोटो, जन्मतारीख, पत्ता, सही, आणि खाली निळ्या पेनानं मोबाईल नंबर. गाडेवाल्याला विचारलं, त्यानं गठ्ठा दाखवला. रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेला. त्यात शंभरेक अर्ज असतील, सगळे एकाच कार्यालयातले, एकाच योजनेचे. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनी पुढं चूक दुरुस्त केली. आम्ही तो गठ्ठा चाळीस रुपयांना विकत घेतला, पंचनाम्यासारखी यादी केली आणि तो त्याच कार्यालयाच्या आवक खिडकीवर जमा करून पोच घेतली. ओरडाआरडा नाही, पत्रकार नाही. सोबत एकच पत्र: अर्ज निकाली निघाल्यावर झेरॉक्स प्रती किती काळ ठेवायच्या आणि कशा नष्ट करायच्या याचा लेखी आदेश आहे का, असल्यास प्रत द्यावी. आदेश नव्हता. दीड महिन्यानं निघाला. आता तिथं कागद फाडायचं यंत्र आहे.

यातून तुम्हाला दोन गोष्टी कळतील. पहिली, 2023 चा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा जी कागदावरून पुढं संगणकात जाते तिला. नुसत्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याला तो हातही लावत नाही. आणि आपल्याकडची बरीचशी गळती झेरॉक्समधूनच होते: सेतू केंद्र, सिमकार्डाचं दुकान, लॉज, पतसंस्था, शाळा. दुसरी, त्या कायद्याच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायच्या आहेत. 250 कोटींपर्यंतच्या दंडाचे आकडे ऐकून कुणी तुम्हाला आज या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार करायला लावत असेल तर थांबा. आधी त्या संस्थेकडेच तक्रार करावी लागणार आहे, आणि खोटी किंवा उगाच केलेली तक्रार ठरली तर तक्रारदारालाही दहा हजारांपर्यंत दंड आहे. तोवर आपल्या हातात आहे ते माहिती अधिकाराचं जुनंच हत्यार, आणि ते चांगलं चालतं.

घरकुलाच्या यादीबाबत असा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मजकूर साधा ठेवा: "घरकुल लाभार्थी यादी समाजमाध्यमावर प्रसिद्ध करण्याबाबत दिलेल्या लेखी आदेशाची अथवा टिपणीची प्रत मिळावी. यादी प्रसिद्ध करताना कोणते रकाने दाखवायचे याबाबत वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या सूचनांची प्रत मिळावी." बस. "का टाकली" असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही.

तीस दिवसांत बहुधा उत्तर येईल, "सदर बाबतचा आदेश अभिलेखावर आढळून येत नाही." नवखे लोक या ओळीनं हिरमुसतात. मला तीच ओळ हवी असते. त्याचा अर्थ, लोकांची खाती आणि आधार चव्हाट्यावर मांडायचा निर्णय कुणीच घेतलेला नव्हता, ते आपोआप झालं. हा कागद घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे जा आणि तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींसाठी एक पत्र काढायची विनंती करा. सोबत पत्राचा कच्चा मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. हसू नका, पण बऱ्याचदा काम अडतं ते पत्र लिहायला कुणाला वेळ नसतो म्हणून. तिथं दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो.

त्याबरोबर ग्रामसभेचा ठराव घ्या. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा होते, विषय तिथं आधी मांडा. माझा अनुभव असा की पुरुषांच्या सभेत "प्रायव्हसी" म्हटलं की लोक मोबाईल बघायला लागतात, किंवा कुणीतरी म्हणतं, "लपवायला हाय काय आमच्याकडं?" बायकांच्या सभेत हे समजावावं लागत नाही. बचत गटाच्या एका बैठकीत मी अजून विषय मांडतच होते, तोवर मागून एक जण म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. माझ्या खात्यावर किती हायत हे दिराला कळलं, त्या दिवसापासनं घरात भांडाण सुरू हाय." तिचं पासबुक कर्जाच्या अर्जाला जोडलेलं होतं आणि ते गटाच्या ग्रुपवर फिरलं होतं. पाळत, डेटा, संमती हे शब्द मी त्या दिवशी बाजूला ठेवले. तुम्हीही "माझी माहिती कुणी घेतली, कशासाठी घेतली, आता ती कुणाकडं आहे" हे तीन प्रश्न घेऊन जा, बाकीचं लोक स्वतः बोलतात.

पोटाशी जोडलेला मुद्दा असेल तर लोक टिकून लढतात. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल परत केले. मोबाईल निकृष्ट होते, सारखे बंद पडायचे, आणि ज्यात नोंदी भरायच्या ते पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत होतं. कुणी त्याला डिजिटल हक्कांचं आंदोलन म्हटलं नाही, पण माझ्या मते ते महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं डिजिटल हक्कांचं आंदोलन होतं. आज त्याच सेविकांना पोषण आहार देताना लाभार्थी आईचा चेहरा मोबाईलला दाखवावा लागतो. रोजगार हमीवर हजेरीचे फोटो. चेहरा जुळला नाही, रेंज नाही, की आहार आणि मजुरी अडकते. अशा अडकलेल्या केसेस तारीखवार वहीत लिहून ठेवा: कुठलं गाव, कुठली तारीख, पडद्यावर काय संदेश आला, त्या दिवशी काय मिळालं नाही. नाव वहीत, बाहेर जाताना फक्त आकडा. आपणच लोकांची नावं सांडत फिरायचं नाही.

शाळांबाबत थोडक्यात. 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की शाळेच्या प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही, आणि खाजगी कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारा कलम 57 चा भागही रद्द झाला. विद्यार्थ्यांचा अपार आयडी, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, पालकांच्या संमतीनं काढायचा असतो. फॉर्मवर "संमती नाही" असा रकाना आहे का तेवढं बघा. नसेल तर मुख्याध्यापकांशी भांडू नका, त्यांच्यावर वरून रोज टक्केवारीचा तगादा असतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय नोंदवा. गुरुजी आपल्या बाजूचे असतात, त्यांना फक्त कागदाचा आधार लागतो.

इंटरनेट बंदीकडेही लक्ष ठेवा, कारण ती आपल्या दारात येऊन गेली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करण्यात आलं. त्या रात्री अफवा थांबवायला काहीतरी करणं भाग होतं, हे मी मान्य करते. माझं म्हणणं पुढचं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालानुसार बंदीचा आदेश लेखी, कारणांसह आणि प्रसिद्ध केलेला असायला हवा, म्हणजे नागरिकाला त्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं. बेमुदत बंदी चालत नाही. आता एका आदेशाला जास्तीत जास्त 15 दिवसांची मर्यादा आहे, आणि तो पुनर्विलोकन समितीसमोर ठेवावा लागतो. राज्यात हा आदेश गृह खात्याच्या पातळीवरून निघतो. तुमच्याकडे कधी असं झालं, तर गटातल्या एकानं एवढंच काम करायचं: आदेशाची प्रत मागायची, आणि नेट किती वाजता गेलं, किती वाजता आलं, कुणाचं काय अडलं हे लिहून ठेवायचं. एसएफएलसी ही दिल्लीची संस्था देशभरातल्या बंदीची नोंद ठेवते. अशा नोंदींना जिल्ह्यातून गेलेली माहितीच जिवंत ठेवते.

कर्जाच्या अ‍ॅपचं एवढंच: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमची संपर्क यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायची परवानगी नाही. गावात कुणा पोराला अशा अ‍ॅपवाल्यांनी नातेवाइकांना फोन करून छळलं, तर पहिल्यांदा त्याच्यासोबत बसा, घरच्यांना तुम्हीच सांगा, मग 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन. क्रम हाच ठेवा. आधी त्याला एकटं सोडू नका. आणि स्वतःपुरतं, आधार अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, झेरॉक्स द्यायचीच झाली तर मास्क केलेलं आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा: कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला.

आता तुमची खरी शंका, एवढ्या-तेवढ्यानं कायदे बदलतात का. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली. त्या घटनेमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 ला रद्द झालं. पण पुढची वर्षं पोलिस ठाण्यांमध्ये त्याच रद्द कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजनं 2021 मध्ये ते आकडे न्यायालयासमोर ठेवले तेव्हा खंडपीठही अवाक झालं. निकाल लागला तरी तो ठाण्यापर्यंत, तहसीलपर्यंत, शाळेपर्यंत चालत जात नाही. तो कुणीतरी हातात घेऊन न्यावा लागतो. ते काम दिल्लीतून होत नाही. नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या संकेतस्थळांना सारखी वागणूक मिळावी या मागणीच्या वेळी, 2015 मध्ये, लाखो लोकांनी दूरसंचार नियामकाला ईमेल पाठवले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावायला बंदी आली. त्या ईमेलमध्ये मराठीत किती होते याची मला आजही रुखरुख आहे. कुठलाही मसुदा हरकतींसाठी आला की गटानं बसून एक पानी मराठी हरकत पाठवा, त्यात गावातली एक खरी केस असू द्या. नव्या कायद्यात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागायचा हक्क आहे, म्हणजे मराठीतही. तो हक्क लागू होईल त्या दिवशी बँकेत आणि पतसंस्थेत जाऊन मराठी सूचना मागणारे पहिले तुम्ही असा.

आपल्याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी 18 वर्षं घालवली. मसुदे बदलले, आमदारांच्या दारात बसले, सह्या गोळा केल्या, गावोगाव सभा घेतल्या. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला. ते आठवलं की आजही गळा दाटून येतो. त्यांच्या कार्यकर्त्यांकडून मी शिकले ते हे: प्रत्येक तालुक्यात पाच माणसं, महिन्याला ठरलेल्या दिवशी बैठक, आणि मागच्या बैठकीत ठरलेल्या कामाची नोंदवही.

तुमच्या गटासाठी पहिल्या महिन्याचं काम मी एवढंच धरेन. यादीचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवा, तो पुढं पाठवू नका. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला ती यादी सगळ्यांसाठी डिलीट करायला आणि त्याच दिवशी आधार, खातं, मोबाईल हे तीन रकाने काढून पुन्हा टाकायला सांगा. यादी परत आली नाही तर तेच पत्र ग्रामपंचायतीच्या आवक नोंदीत द्या. ठरावाचा मसुदा असा घ्या: "ग्रामपंचायतीकडून प्रसिद्ध होणाऱ्या सर्व लाभार्थी याद्या नाव, योजना व रकमेसह फलकावर व ग्रुपवर लावण्यात याव्यात, त्यात आधार क्रमांक, खाते क्रमांक व मोबाईल क्रमांक असू नये, जमा झालेल्या झेरॉक्स प्रती काम झाल्यावर नष्ट करून त्याची नोंद ठेवावी." विषयपत्रिका निघायच्या आधी तो लेखी द्या, नाहीतर "ऐनवेळचे विषय" मध्ये जाऊन चहाच्या वेळी संपतो. सूचक आणि अनुमोदक दोन्ही महिला असतील तर उत्तम. आणि पत्र कुठलंही असो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.